मासा कुणाचा, पाणी कुणाचं?

मृग जवळ आला की या सदराच्या टपालाला माशाचा वास येऊ लागतो. या वेळी बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, अथणी या भागांतून आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमचं शेत दूधगंगेला लागून आहे. पलीकडच्या बाजूला महाराष्ट्र. घरापुरते मासे धरायला परवाना लागतो का? आणि गावच्या तळ्यात गळ टाकला तर गुत्तेदार भांडायला येतो, त्याला तसा हक्क आहे का? – एक शेतकरी, सदलगा

आधी तळ्याचे बोलू, कारण तिथे तुमची बाजू लंगडी आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. आपल्याकडे ते बाहेरून आणून सोडले आहेत आणि साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. म्हणजे गावतळ्यातला जवळजवळ प्रत्येक रोहू कुणीतरी बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) विकत घेऊन सोडलेला असतो. ज्याने तळे गुत्त्याने घेतले, बीज सोडले आणि वर्षभर राखण केली त्याला तो मासा आपला वाटणारच, आणि करारही त्याच्या बाजूचा असतो. त्याच तळ्यात चिलापी (तिलापिया) मात्र आपोआप वाढते. पुष्कळ गुत्तेदार गळाने चिलापी धरू देतात, कारण ती रोहूचे खाद्य खाते. विचारून पाहा. विचारण्याने निम्मी भांडणे मिटतात.

नदीचे वेगळे. शेत काठाला लागून आहे म्हणून नदीतले मासे शेताचे होत नाहीत. सरकारी पाण्यात मासे धरायला मत्स्य खात्याचा परवाना लागतो, हा कर्नाटकाच्या १९९६ च्या अंतर्देशीय मत्स्य कायद्याचा गाभा आहे. गळ टाकून बसलेल्या माणसाला सहसा कुणी हटकत नाही, हेही खरे. पण कुणी हटकत नाही म्हणजे हक्क आहे असे नव्हे. जाळे टाकणार असाल तर तालुक्याच्या मत्स्य कचेरीत जा. पाटी कन्नडमध्ये असेल : ‘मीनुगारिके इलाखे’. तिथे सहाय्यक संचालकांकडे चार गोष्टी विचारायच्या : नदीचा कोणता टप्पा, कोणते साधन, बंदीचे दिवस कधीपासून कधीपर्यंत, आणि जाळ्याचा आस (छिद्राचे माप) किती. उत्तर तोंडी घेऊ नका, पावती घ्या. अर्ज कन्नडमध्ये भरावा लागला तर वाचून दाखवणारा सोबत न्या. न कळता सही केलेल्या कागदावरून पुढे वाद होतात.

सीमेची गंमत अशी की नदी एकच, कायदे दोन. पलीकडे १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम चालतो. कोल्हापूरकडचा परवाना कर्नाटकच्या पाण्यात कामाचा नाही आणि इकडचा तिकडे नाही. तुम्ही कुठल्या गावचे याला महत्त्व नाही, जाळे कुठल्या राज्याच्या पाण्यात पडले ते बघतात.

आस मोजायची रीतही सांगून ठेवतो, कारण दुकानदार आणि खाते यांची मापे जुळत नाहीत. जाळे ओले करायचे, एका आसाच्या समोरासमोरच्या दोन गाठी धरून ताणायच्या आणि गाठीच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर घ्यायचे. न ताणता एकच बाजू मोजली तर माप निम्मे येते आणि बरोबर जाळेसुद्धा चुकीचे ठरते.

प्रश्न : पहिल्या पावसात ओढ्यातून भातशेतीत चढणीचे मासे येतात. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ते धरतात. आता मुलगा म्हणतो, हे पाप आहे आणि गुन्हाही आहे. कुणाचं खरं? – नंदगड आणि जांबोटीहून आलेली दोन पत्रे

मुलाचे निम्मे खरे आहे.

चढणीला मासे का येतात ते आधी पाहू. उन्हाळ्यात डोहात कोंडलेल्या माशांच्या पोटात अंडी तयार असतात, पण घालायला जागा नसते. मृग-आर्द्राच्या सरींनी ओढ्याला गढूळ, थंड, वाहते पाणी आले की त्यांना खूण मिळते आणि ते प्रवाहाच्या उलट निघतात. नव्याने बुडालेले गवत, भाताची खाचरे, ओढ्याचे उथळ काठ या त्यांच्या बाळंतपणाच्या खोल्या. तिथे मोठे मासे कमी, पाणी उबदार आणि सूक्ष्म खाद्य भरपूर. रोहूसारख्या माशाची अंडी चांगल्या उबेत १५ ते २० तासांत फुटतात. पिल्ले खाचरात वाढतात आणि पाऊस ओसरला, खाचराचे पाणी उतरू लागले की ओढ्याने नदीला परततात.

म्हणजे चढणीला मादी धरली तर नुसता एक मासा जात नाही. रोहूच्या मादीत एक किलो वजनामागे सुमारे २ ते ३ लाख अंडी असतात. त्यातली फार थोडी जगतात हे खरे, पण ताटात आलेल्या गाबोळीतून (माशाच्या अंड्यांतून) एकही जगत नाही.

आता कायदा. अडवणारी साधने, जाळ्याचा आस आणि बंदीचे दिवस यांवर नियम करायचा अधिकार १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याच्या कलम ६ ने सरकारला दिला होता. त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यात होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला, अंडी घालण्याच्या दिवसांत बंदी असावी ही कल्पना तेव्हापासूनची आहे. यंदाच्या नेमक्या तारखा कचेरीतूनच घ्या, अंदाजावर जाऊ नका. आणि तुमचा ओढा भीमगड अभयारण्याच्या हद्दीत असेल तर प्रश्नच संपला. अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, तिथे वन्यजीव कायदा लागतो आणि मासाही त्यात येतो. हद्दीचा दगड माहीत नसेल तर वनरक्षकाला विचारा.

हद्दीबाहेर, बंदीचे दिवस सोडून, घरापुरते धरायचे असेल तर आमचे मत सरळ आहे. धरा, पण वाट मोकळी ठेवा. चुकते ते असे :

ओढ्याच्या पूर्ण रुंदीवर दगड-मातीचा बांध घालून मधल्या तोंडाला मच्छरदाणी बांधतात. मच्छरदाणीच्या छिद्रातून बोटाच्या नखाएवढे पिल्लूही सुटत नाही. एका रात्रीत डोहातला अख्खा कळप संपतो आणि पुढच्या वर्षी ‘मासे कमी झाले’ म्हणून गावातच चर्चा होते. त्याऐवजी बांबूची टोपली किंवा सापळा प्रवाहाच्या एका कडेला, फार तर एक-तृतीयांश रुंदीत लावा. बाकीचा ओढा मोकळा. सापळा दर दोन तासांनी तपासा. गच्च भरलेल्या सापळ्यात खालचे मासे गुदमरून मरतात आणि सोडायचे म्हटले तरी सोडता येत नाहीत.

धरलेल्यातली मादी ओळखणे अवघड नाही. पोट फुगलेले आणि मऊ, मलद्वाराची जागा लालसर व सुजलेली. नराचे पोट हलके दाबले तर दुधासारखा पांढरा थेंब येतो. माद्या सोडून द्या, निदान निम्म्या. सोडताना ओल्या हातांनी धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी बुरशी लागते. हवेत फेकू नका, पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः निघून जाईल.

खरी मेजवानी हवी असेल तर पाऊस ओसरताना, हस्त-चित्रा नक्षत्रांत धरा. तेव्हा खाचरातून उतरणारे मासे अंडी घालून झालेले असतात, खाऊन पुष्ट झालेले असतात आणि पाणी निवळल्यामुळे मातकट लागत नाहीत. चढणीच्या माशाचे सारे कौतुक गाबोळीचे. मांस तसे सुमारच असते. हे आमचे मत, वाद घालायला पत्रे जरूर पाठवा.

एक सावधानता. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढतात आणि खाली मासे उड्या मारताना दिसतात. त्या मोहाने बंधाऱ्याच्या खांबांवर उभे राहून जाळे टाकू नका. वर किती पाऊस पडला ते तिथे कळत नाही आणि शेवाळलेल्या दगडावरून पाय सुटला की खालच्या भोवऱ्यातून बाहेर येता येत नाही.

प्रश्न : नदीवर सकाळी ढिगाने मेलेले मासे तरंगत होते. लोकांनी पोती भरून नेली. ब्लीचिंग टाकलं असेल तर धुऊन खाल्लं की काही होत नाही म्हणे. – गृहिणी, बेळगाव

तरंगता मेलेला मासा खायचा नाही. कशाने मेला ते कळो न कळो, नियम बदलत नाही. पण कशाने मेला हे ओळखता आले तर तक्रार नीट करता येते, म्हणून खुणा सांगतो.

पाण्यातला प्राणवायू संपून मेलेले : पहाटे मोठे मासे आधी मरतात, लहान मासे काठाला पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसतात. मळी, सांडपाणी, किंवा पहिल्या पावसाने वाहून आलेली घाण पाण्यात कुजली की असे होते. दुपारी मासे पुन्हा खाली जातात.

कीटकनाशक : मासे, खेकडे, झिंगे, गोगलगायी, बेडूक सगळे एकाच वेळी. पुष्कळ माशांचे तोंड उघडे, कल्ल्यांवरची झाकणे ताठ फाकलेली, छातीचे पर पुढे ओढलेले.

ब्लीचिंग किंवा चुना : कल्ले फिके, पांढुरके, त्यांवर चिकट थर. ब्लीचिंग असेल तर पाण्याला नळाच्या पाण्यासारखा उग्र वास.

जिलेटिन (स्फोटक कांडी) : अंगावर काही दिसत नाही, पोट फाडले की रक्ताच्या गाठी, आतली हवेची पिशवी फुटलेली, बरगड्या सुटलेल्या. निम्म्याहून जास्त मासे तरंगतच नाहीत, तळाला जाऊन सडतात; म्हणजे स्फोट करणारा जितके नेतो त्याहून जास्त वाया घालवतो.

करंट : पाठीचा कणा वाकडा, कण्यालगत काळसर रक्त. विजेचा दाब माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत पसरतो, म्हणून लांब माशाला जास्त बसतो. मोठे, अंडी देणारे मासे आधी मरतात. बॅटरी-इन्व्हर्टर लावून पाण्यात उतरणारा माणूसही त्याच तारेच्या टोकाला असतो, हे त्याला कुणी सांगत नाही.

झाडपाल्याच्या विषाचेही पत्र आहे. गेळफळ, रामेठ्याची साल, हिंगणाची साल वापरत, ‘ते तर नैसर्गिक’ असे त्यात म्हटले आहे. यातली बहुतेक कल्ल्यांवर काम करतात. साबणासारखा गुण असलेला रस कल्ल्याचे नाजूक आवरण बिघडवतो आणि मासा पाण्यात असूनही गुदमरतो. जुन्या लोकांनी ते वापरले ते उन्हाळ्यातल्या तुटक डबक्यात, वर्षातून एकदा. वाहत्या नदीत टाकले की खालच्या सगळ्या गावांच्या पाण्यात उतरते. आणि कायद्याला झाड की पावडर याचा फरक पडत नाही. १८९७ च्या कायद्यातल्या कलम ५ मध्ये विष, चुना किंवा अपायकारक पदार्थ पाण्यात टाकून मासे मारणे हा गुन्हाच होता, कलम ४ मध्ये स्फोटके. दंड तेव्हा २०० रुपये, कैद दोन महिन्यांपर्यंत. आजचा राज्याचा कायदाही याला मोकळीक देत नाही.

शिजवण्याने कीटकनाशक निघून जाते हा समज काढून टाका. पुष्कळ औषधे चरबीत साठतात, उकळल्याने तीच रस्स्यात उतरतात. मेलेले मासे दिसले तर वेळेसह फोटो काढा, स्वच्छ बाटली पाण्याने काठोकाठ भरून झाकण लावा, दोन-तीन मासे वेगळ्या पिशवीत बर्फात ठेवा. मग ११२ वर फोन करा आणि ग्रामपंचायतीच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) व मत्स्य कचेरीला लेखी कळवा. पाणी चार तासांत पुढे जाते, म्हणून नमुना आधी, भांडण नंतर.

प्रश्न : मरळीची लाल पिल्लं पाण्यावर घोळक्यानं फिरतात. ती दिसली की खाली मोठी मरळ हमखास असते आणि लगेच गळाला लागते. हा सोपा डाव आहे, पण मन खातं. – रायबाग

मन बरोबर खाते. मरळ घरटे करते आणि पिल्लांची राखण करते. पिल्ले केशरी-लाल असतात आणि त्यांना सारखे वर येऊन हवा घ्यावी लागते. आईबाप खाली घिरट्या घालतात आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात. भूक म्हणून नव्हे, राग म्हणून ते गळ चावतात. राखणदार उचलला की शिंगटी, चिलापी आणि खंड्या मिळून तो घोळका संपवतात. पिल्ले बोटभर होऊन पांगेपर्यंत काही आठवडे तो कोपरा सोडून द्या. मरळ तिथेच राहते, कुठे पळत नाही. शिवाय गळाला जिवंत बेडूक लावण्याची पद्धत थांबवा. मोठा पिवळा बेडूक वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. रबरी बेडूक बाजारात मिळतो, मरळीला त्याचाही राग तितकाच येतो.

प्रश्न : कृष्णेत रात्रभर जाळं सोडलं की कधी कासव अडकतं, आणि मगरीची भीती वाटते. काय करावं? – अथणी तालुक्यातले दोघे मित्र

रात्रभर जाळे सोडणे हीच चूक. अडकलेला मासा तडफडतो, त्या हालचालीने मगर येते, जाळे फाटते, आणि तीच गुंतली तर बुडून मरते. जाळे उजेडात टाका, दोन-तीन तासांत काढा. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहू नका, पहाटे आणि तिन्हीसांजेला तर नकोच. मासे काठावर चिरून आतडी पाण्यात टाकण्याची सवय मगरीला तिथेच यायला शिकवते. उन्हाळ्यात वाळूच्या काठाला मगर अंडी राखत असते, तेव्हा तो काठ टाळा.

कासव जाळ्यात आले तर जाळे कापा, कासव ओढू नका. गळ लागला असेल तर पिना घालून उपसण्यापेक्षा दोरी तोंडालगत कापून सोडा. पाणकासव आणि मगर दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. खाणे, विकणे, ‘औषधाला’ घरी ठेवणे, सगळा गुन्हा. पाणमांजराचेही तेच, त्याने जाळे फाडले तरी.

प्रश्न : आमच्या गावात घाटावर मासे साफ करण्यावरून जैन आणि लिंगायत घरांशी वाद होतो. श्रावणात तर बोलणंच बंद. देवळाजवळच्या डोहातले मासे मात्र कुणीच मारत नाही. हे सगळं नुसतं सोवळं-ओवळं आहे का? – हुक्केरी

घाटाचा वाद सोडवायला शास्त्र लागत नाही, एक बादली लागते. मासे पाण्याच्या काठी नव्हे तर घरी किंवा शेताच्या बांधावर चिरा. खवले आणि आतडी वीतभर खड्ड्यात पुरा, नारळ-केळीला उत्तम खत होते. पिण्याचे पाणी भरण्याच्या जागी कुणीही माशाची घाण टाकू नये, मांसाहारी शेजाऱ्यानेसुद्धा. भोयांची जुनी घरे हे पाळत आली आहेत. वाद बहुधा हौशी मंडळींमुळे होतो.

श्रावणाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करू. श्रावण पाळला म्हणून माशांना विश्रांती मिळते असे मानणारे चुकतात. चढण मृग-आर्द्राला होते, तेव्हा घरोघरी कालवण शिजत असते. श्रावण लागेपर्यंत बहुतेक अंडी एकतर घालून झालेली असतात, नाहीतर खाऊन. व्रत तुमचे आहे, जरूर पाळा, पण त्याला मत्स्यसंवर्धन म्हणू नका.

डोहाचे मात्र वेगळे. देवाच्या डोहात मासे न मारण्याची प्रथा शृंगेरीला तुंगेच्या काठी आहे, महाडजवळच्या वाळणकोंडीत आहे. उन्हाळ्यात नदी तुटते तेव्हा असा खोल, राखलेला डोह हेच माशांचे बियाणे. तुमच्याच तालुक्यातून वाहणाऱ्या हिरण्यकेशीचा उगम आंबोलीला. तिथल्या देवळाच्या कुंडात सापडलेला एक चिमुकला मासा २०२० मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला, त्याला नदीचेच नाव मिळाले, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. देवळाचे कुंड म्हणून कुणी त्यात जाळे टाकले नव्हते, म्हणून तो मिळाला. फक्त डोहात चुरमुरे आणि चपात्यांचे ढीग टाकू नका. माशांनी न खाल्लेले तळाला कुजते आणि प्राणवायू खाते. मूठभर पुरे.

प्रश्न : नदीच्या रोहूला चिखलाचा वास येतो, मुलं खात नाहीत. सासूबाई म्हणतात ताकात ठेव. उपाय आहे का? – निपाणी

तो वास चिखलाचा नाही. साचलेल्या पाण्यातले निळे-हिरवे शेवाळ आणि काही जिवाणू एक वासाचा पदार्थ तयार करतात, तो कल्ल्यांतून माशाच्या चरबीत शिरतो. हाच वास पहिल्या पावसात मातीला येतो, तिथे आवडतो, रस्स्यात नाही. तो आंबट पदार्थाने मोडतो, म्हणून सासूबाईंचे ताक बरोबर आहे, पण चिंच जास्त जोरकस.

मासा जिवंत मिळाला तर स्वच्छ वाहत्या पाण्याच्या हौदात तीन दिवस ते आठवडाभर खाद्य न घालता ठेवा. याहून चांगला उपाय नाही. मेलेला असेल तर असे करा. खवले काढा, पोटाच्या आतली काळी त्वचा बोटाने खरवडून टाका, पोटाकडची चरबी कापा, कातडीखालची दोन्ही बाजूंची गडद लाल पट्टी काढा. बहुतेक वास या तीन जागांत असतो. एक किलो तुकड्यांना दोन मोठे चमचे मीठ आणि एक लहान चमचा हळद चोळून १० मिनिटे ठेवा, धुवा. मग लिंबाएवढ्या चिंचेचा दाट कोळ लावून २० मिनिटे, पुन्हा धुवा. अर्ध्या तासाहून जास्त ठेवले तर मांस पांढरे पडून रस्स्यात तुटते. रस्स्याला आमसूल किंवा चिंच घालाच.

वास आंबूस किंवा अमोनियासारखा असेल, कल्ले तपकिरी असतील, दाबल्यावर खळगा राहत असेल, तर तो शिळा मासा आहे. त्याला कुठलीही चिंच उपयोगी नाही.

प्रश्न : दम्यावर आणि साखरेवर रोहूचं पित्त कच्चं गिळतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायचं कसं? – नाव न छापण्याच्या विनंतीसह, खानापूर

सांगायचे असे : या पित्ताने मूत्रपिंडे बंद पडतात. रोहू, कटला, मृगळ आणि त्यांच्या जातीच्या माशांच्या पित्तात असा विषारी घटक असतो, जो शिजवल्यानेही पूर्ण जात नाही. गिळल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब होतात, मग बरे वाटते, आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत होत थांबते. मधल्या ‘बरे वाटले’मुळे लोक दवाखान्यात उशिरा येतात. कुणी गिळले असेल तर लक्षणांची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या आणि ‘माशाचे पित्त खाल्ले’ हे डॉक्टरांना शब्दशः सांगा. वेळेवर डायलिसिस मिळाले तर बहुतेक जण बरे होतात.

चिरताना पित्ताची हिरवी पिशवी यकृताला चिकटलेली असते. ती देठाजवळ चिमटीत धरून अखंड काढा. फुटलीच तर हिरवा डाग पडलेले मांस कापून टाका, नुसते धुऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन खेकडे धरतो. कोणते सोडावेत? – लोंढा

खेकडा उलटा करा. पोटाखालची झडप अरुंद, त्रिकोणी असेल तर नर. रुंद, अर्धगोल असेल तर मादी. मादीची झडप जराशी उचलून बघा. आपल्या ओढ्यातल्या खेकड्यांच्या अंड्यांतून थेट तयार छोटे खेकडे निघतात आणि काही दिवस ते आईच्या झडपेखालीच राहतात. समुद्रातल्या खेकड्यासारखी लाखो अंडी इथे नसतात, काही शेच असतात, म्हणून एक मादी उचलली की त्या बिळाचा वंश थांबतो. अंडी किंवा पिल्ले असलेली मादी जिथे मिळाली तिथेच ठेवा. दुसऱ्या ओढ्यात सोडली तर बिळ शोधताना मरते. बिळात पहार घालून बांध फोडू नका, भाताच्या खाचराचे पाणी त्याच वाटेने जाते आणि शेतमालक तुमच्या मागे लागतो.

रस्स्यासाठी लहान पाय कच्चे कुटून त्यांचा रस गाळतात. तो रस वरून ओतून लगेच उतरवू नका, उकळी फुटल्यावर निदान १० मिनिटे शिजू द्या. कच्च्या खेकड्यात फुप्फुसाला लागणारे कृमी असू शकतात. कुटलेला पाटा-वरवंटा, विळी आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोथिंबीर चिरू नका.